माझा ‘फक्त पाणी तुटल्यावर चालू’ प्रमोटर पाणी असतानाही चालूच!

वाकडा_अंकुर (धागाकर्ता)

नमस्कार मंडळी. आधीच सांगून टाकतो, मी मूळचा इलेक्ट्रॉनिक्सचा. वनस्पतींच्या लॅबमध्ये येऊन दोन वर्षं झाली, पण अजून ऑटोक्लेव्हपेक्षा सोल्डरिंग गनच हातात बरी बसते. प्रश्न बाळबोध वाटला तर ह. घ्या.

मला हवी होती एक कळ, म्हणजे प्रमोटर: जनुकाच्या आधी बसून ते कधी चालू व्हायचं हे ठरवणारा डीएनएचा तुकडा. झाडाला पाणी आहे तोवर जनुक गप्प, पाणी तुटलं की जनुक बोलतं. ३५एस (विषाणूकडून घेतलेला, सदा चालू राहणारा प्रमोटर) लावून जनुक चोवीस तास चालू ठेवायचा मोह सगळ्यांनाच होतो. पण डीआरईबी१ए या जनुकाची गोष्ट वाचली आणि धसका घेतला. ते ३५एसखाली ठेवलं तर अरॅबिडॉप्सिस (लॅबमधलं नेहमीचं छोटं रोप) दुष्काळ सोसते खरी, पण खुरटते. तेच जनुक आरडी२९एच्या, म्हणजे ताण आल्यावर जागणाऱ्या, प्रमोटरखाली ठेवलं की सोसतेही आणि वाढतेही. १९९९ सालचं काम आहे हे. जनुक तेच, फक्त कळ बदलली. हे वाचूनच मी सर्किट सोडून इकडे आलो म्हणा ना.

मग आरडी२९एच का नाही उचलला? कारण त्यात डीआरई नावाचा बॉक्सही (प्रथिनं जिथे येऊन बसतात तो काही अक्षरांचा शब्द) आहे, त्यामुळे तो थंडीलाही पेटतो. मला फक्त अ‍ॅब्सिसिक आम्लाला, म्हणजे पाणी तुटल्यावर वाढणाऱ्या एबीए या संप्रेरकाला, दाद देणारी कळ हवी होती. म्हणून स्वतःच जुळवली: एबीआरई हा बॉक्स (एसीजीटीजीजीसी) चार वेळा, मधे प्रत्येकी वीस अक्षरांचे स्पेसर, त्यापुढे मिनिमल ३५एस (३५एसचा नुसता गाभा) आणि त्यापुढे गस रिपोर्टर (प्रमोटर चालला की निळा रंग दाखवणारं जनुक). कागदावर इतकी सुबक दिसत होती की मी तिचा फोटो काढून ठेवला होता.

आता निकाल. बेंथामियानाच्या (तंबाखूच्या भावकीतलं झाड) पानात अ‍ॅग्रो (झाडात डीएनए सोडणारा बॅक्टेरिया) टोचून पाहिलं तर एबीए न देताच पान निळं. एबीए दिल्यावर जेमतेम दीडपट. म्हटलं, पानात टोचण्याचे निकाल असेच लहरी असतात, खरी झाडं करू. अरॅबिडॉप्सिसच्या अकरा लाइन्स (वेगवेगळ्या झाडांपासूनचे वंश) काढल्या. आठांची मुळं भरपूर पाणी असतानाही निळीशार. दोन लाइन्स काही केलं तरी पांढऱ्या. एक, फक्त एकच, जशी वागायला हवी तशी वागते.

माझा अंदाज असा की सिग्नल कमी पडतोय. चाराऐवजी आठ प्रती लावाव्यात का? तशी ऑर्डरही टाकून पाहिली, पण एकसारखे तुकडे फार झाले म्हणून डीएनए बनवून देणाऱ्या सिंथेसिसवाल्यांनी परत पाठवली. जाणकारांनी मार्ग सुचवावा.

---

जुनी_पिपेट

आठ प्रतींचं नंतर बघू. वयाने बरीच मोठी असणार मी, म्हणून अरे-तुरे करते, चालेल ना?

मला दोन गोष्टी सांग. ‘मिनिमल ३५एस’ म्हणजे नक्की कुठून कुठपर्यंत? ट्यूबवर काय लिहिलंय ते नको, सिक्वेन्स उघडून सांग. आणि नुसता मिनिमल, मागे एकही बॉक्स नसलेला, गसला जोडून टोचला होतास का?

---

वाकडा_अंकुर

बिनधास्त अरे-तुरे करा ताई.

ट्यूबवर ‘मिन ३५एस’ एवढंच आहे, माझ्याआधीच्या कुणाच्या तरी हस्ताक्षरात. सिक्वेन्स आत्ता उघडला. जिथून आरएनए सुरू होतो त्याला +१ धरलं तर मागे ९० अक्षरं आहेत. टाटा बॉक्स (आरएनए कुठून सुरू व्हायचा ते ठरवणारा) जागेवर आहे, −३०च्या आसपास.

नुसता मिनिमल नाही टोचला. तो तर बंदच असतो ना? बंद पडलेल्या गोष्टीचं काय मोजायचं?

---

जुनी_पिपेट

मुळातली चूक मुळांतच दिसतेय तुझ्या. बस, सविस्तर लिहिते.

३५एस हा एकसंध प्रमोटर आहे असं आपण बोलताना धरून चालतो, पण तो गोधडीसारखा तुकड्यातुकड्यांचा आहे. कॉलीफ्लॉवर मोझॅक विषाणूला झाडाच्या प्रत्येक भागात, प्रत्येक वेळी आपलं काम करून घ्यायचं असतं, म्हणून त्याने वेगवेगळ्या कळा एकापुढे एक लावून ठेवल्या आहेत. १९८५ सालापासून लोक त्याला मागून कातरत आले. कातरता कातरता कळलं की −४६ पर्यंत आणलं की उरतो तो टाटा बॉक्स आणि सुरुवातीची जागा. त्याला आपण मिनिमल म्हणतो, कारण तो एकटा फारसं काही करत नाही. पुढे १९८९ साली दाखवलं गेलं की −९० पासूनचा तुकडा मात्र एकटाही काम करतो, आणि मुख्यतः मुळांत करतो. त्याच्या मागचा, −३४३ ते −९० हा भाग झाडाच्या वरच्या अंगाचं बघतो.

−९० आणि −४६ यांच्या मधे काय दडलंय? एएस-१ नावाचा बॉक्स. −८२ ते −६६ च्या आसपास असतो. तुझ्या सिक्वेन्समध्ये टीजीएसीजी शोध, थोड्या थोड्या अंतरावर दोनदा सापडेल. टीजीए जातीचे ट्रान्स्क्रिप्शन फॅक्टर (जनुक चालू-बंद करणारी प्रथिनं) तिथे येऊन बसतात. आरबीसीएस हे जनुक हिरव्या भागात चालतं, मुळांत नाही. त्याच्या प्रमोटरात हा एवढासा तुकडा घुसवला तर तो मुळांतही चालायला लागला. म्हणजे मुळांची चावी या वीसेक अक्षरांत आहे. शिवाय हा बॉक्स सॅलिसिलिक आम्लालाही दाद देतो आणि ऑक्सिनलाही. तू पानात जिवंत बॅक्टेरिया टोचतोस तेव्हा पान काय स्वस्थ बसतं? ते संरक्षणाला लागतं, सॅलिसिलिक आम्ल वाढतं, आणि तुझा ‘बंद’ मिनिमल जागा होतो.

तेव्हा तू एबीआरईला दोष देतोयस, पण चोर सोडून संन्याशाला फाशी असा प्रकार चाललाय. आठ प्रती लावल्या असत्यास तरी मुळं निळीच राहिली असती.

आता दुसरं. तुझ्या टी-डीएनएमध्ये, म्हणजे बॅक्टेरिया झाडात सोडतो त्या तुकड्यात, झाडं निवडायचा मार्कर कुठल्या प्रमोटरवर आहे? हायग्रोमायसिन (प्रतिजैविक) असेल आणि व्हेक्टर (वाहक प्लाझ्मिड) जुन्या पद्धतीचा असेल तर बहुधा पूर्ण ३५एसवर, कदाचित दुहेरी एन्हान्सरसकट (प्रमोटरचा जोर वाढवणारा तुकडा). तो एन्हान्सर शेजारधर्म फार पाळतो. अ‍ॅक्टिव्हेशन टॅगिंग हे तंत्रच त्याच्या या खोडीवर उभं आहे. ३५एस एन्हान्सरच्या चार प्रती जीनोममध्ये कुठेतरी टाकायच्या, त्या काही हजार अक्षरं लांबच्या जनुकालाही उठवतात. तुझा प्रमोटर मार्करला पाठ लावून दीड-दोनशे अक्षरांवर बसला असेल तर त्याने गप्प राहावं ही अपेक्षाच चुकीची. २००५ साली यावर स्वतंत्र काम झालंय: ठरावीक ऊतीपुरतेच चालणारे प्रमोटर मार्करच्या ३५एसमुळे सगळीकडे चालताना दिसले. मार्करला नॉस प्रमोटर लाव, आणि तो टी-डीएनएच्या दुसऱ्या टोकाला ने.

तिसरं विचारायचं राहिलं. पानाच्या चकत्या कापून किती वेळ बाहेर ठेवतोस?

---

वाकडा_अंकुर

टीजीएसीजी. दोनदा. मधे सात अक्षरं. पाहून दोन मिनिटं नुसता बसून राहिलो.

मार्कर: हायग्रोमायसिन, ३५एस, दुहेरी एन्हान्सर. माझ्या प्रमोटरला पाठ लावून. अंतर १८४ अक्षरं. ताई, तुम्ही माझ्या फ्रीजमध्ये डोकावला होतात का?

चकत्या: पंचिंग करून टिश्यू पेपरवर रांगेत मांडतो, सगळ्या झाल्या की एकदम एक्स-ग्लुकमध्ये (गस ज्याला निळं करतं ते द्रावण) टाकतो. शंभरेक असतात. तासभर जात असेल.

---

जुनी_पिपेट

तासभर! अरे, कोरड्या कागदावर तासभर ठेवलेली चकती म्हणजे दुष्काळच. पेशींमधला दाब उतरला की पान स्वतःच एबीए तयार करायला घेतं. जे मोजायला निघालास तेच तू स्वतः घडवतोयस. चकती कापली की लगेच पाण्यावर तरंगत ठेव. तुलनेसाठीच्याही तशाच आणि तितकाच वेळ.

मी स्वतः यात होरपळलेली आहे म्हणून सांगते. खूप वर्षांपूर्वी डब्ल्यू-बॉक्सच्या चार प्रतींचा, रोग आला की चालू होणारा प्रमोटर केला होता. टीटीजीएसीसी हा त्यातला गाभा. २००२ साली रश्टन आणि सहकाऱ्यांनी अशा चार-चार प्रतींचे बरेच प्रमोटर करून रोग आणि जखम यांचे संकेत वेगळे करायचा छान प्रयत्न केला होता, तो वाचून मलाही खुमखुमी आली. तीन महिने मी सिरिंजने पानात अ‍ॅग्रो टोचत होते आणि ‘कंट्रोल’ इतका जास्त का येतो म्हणून चरफडत होते. बिनसुईची सिरिंज पानाच्या पाठीला दाबणं ही जखम, आणि आतला अ‍ॅग्रो हा रोग! कंट्रोलच आजारी होता माझा. शेजारच्या टेबलावर बसणाऱ्या एका मुलाने हसत हसत लक्षात आणून दिलं. त्या दिवशी मी त्याच्याशी बोलले नाही.

आणि गस. गसचं प्रथिन फार चिवट, तयार झालं की दोन-दोन दिवस जात नाही. प्रमोटर सकाळी पाच मिनिटं चालू होऊन बंद झाला असेल तरी संध्याकाळी पान निळं दिसेल. ‘बंद’ नीट पाहायचा असेल तर ल्युसिफरेज (उजेड देणारं रिपोर्टर) घे. सब्स्ट्रेट दिल्यावर ते काही तासांत मोडतं, त्यामुळे आत्ता काय चाललंय त्याच्या जास्त जवळ जातं.

---

वाकडा_अंकुर

हे मला माझ्या भाषेत कळलं. गस म्हणजे घरचं विजेचं मीटर, आजवर किती वापरलं ते दाखवणारं. ल्युसिफरेज म्हणजे अ‍ॅमीटर, आत्ता किती वाहतंय ते दाखवणारं. मी मीटरचा आकडा बघून म्हणत होतो की दिवा चालू आहे.

---

शेवाळ

जुनी_पिपेट यांच्याशी पूर्ण सहमत. मी पिपेटला हात लावत नाही, संगणकावर बसतो, त्यामुळे माझं पाल्हाळ वेगळ्या दिशेचं आहे.

अंकुर, स्पेसरचं शेवटचं अक्षर कुठलं आहे? एबीआरईच्या लगेच आधी काय येतं ते सांगा. ‘सी’ असेल तर गंमत आहे. सी + एसीजीटीजीजीसी म्हणजे सीएसीजीटीजीजीसी, आणि त्यातली पहिली सहा अक्षरं, सीएसीजीटीजी, म्हणजे जी-बॉक्स. एबीएचे बीझिप घराण्याचे फॅक्टर तिथे आनंदाने बसतात, त्यामुळे याला चूक म्हणता येत नाही. निसर्गातल्या कित्येक एबीआरई अशाच असतात. पण जी-बॉक्सवर बीएचएलएच घराण्याचाही हक्क आहे. त्यात पिफ आले, आणि पिफ म्हणजे उजेड-अंधाराचा हिशेब ठेवणारे. म्हणजे तुमची कळ दिवसाच्या कुठल्या वेळी चकती कापली यावरही हलू शकते. तिथे ‘टी’ ठेवलात तर ही दुसरी गर्दी बरीच कमी होईल.

सांध्यावर जन्माला येणारे बॉक्स हा या धंद्यातला सगळ्यात दुर्लक्षित प्रकार आहे. आपण ठोकळे तपासतो, ठोकळ्यांमधल्या फटी तपासत नाही. गोल्डन गेटमध्ये (डीएनएचे तुकडे जोडायची एक पद्धत) चार अक्षरांचं टोक ठरलेलं असतं. एखादा ठोकळा टीजीएसीवर संपला आणि पुढचं टोक ‘जी’ने सुरू झालं की घ्या, टीजीएसीजी, वर ज्याच्यामुळे एवढं रामायण झालं तोच एएस-१चा गाभा, फुकटात. हा डीएनएच्या उलट्या धाग्यावर सीजीटीसीए असा दिसतो, तोही शोधा.

पण याची दुसरी बाजूही सांगतो, नाहीतर तुम्ही डेटाबेसमध्ये सिक्वेन्स टाकाल आणि घाबरून जाल. प्लेस किंवा प्लँटकेअरमध्ये कुठलीही पाचशे अक्षरं टाकली तरी पानभर मोटिफ निघतात. साधं गणित आहे. पाच अक्षरांचा ठरावीक शब्द एका जागी योगायोगाने येण्याची शक्यता १,०२४त एक. दोन्ही धागे धरले तर ५१२त एक. म्हणजे ५०० अक्षरांत सरासरी एकदा टीजीएसीजी आपोआपच येणार. एसीजीटी हा चार अक्षरांचा गाभा दोन्हीकडून सारखाच वाचला जातो, म्हणून २५६त एक, ५०० अक्षरांत जवळपास दोनदा. यादीत नाव आलं म्हणजे तिथे कुणी बसतंच असं नाही. म्हणून मी स्पेसर असे करतो: हजारभर स्पेसर यादृच्छिक पद्धतीने बनवायचे, बॉक्ससकट जोडायचे, जोडलेली पूर्ण पट्टी दोन्ही धाग्यांवर तपासायची, आणि ज्यात नको ते बॉक्स सगळ्यात कमी ती ठेवायची. चारही ठिकाणी वेगवेगळे स्पेसर घेतलेत तर सिंथेसिसवाल्यांची तक्रारही मिटेल. प्लाझ्मिड बॅक्टेरियात असताना एकसारखे तुकडे आपापसात जुळून एखादी प्रत गळून जाते, तो धोकाही कमी होतो.

स्पेसरच्या लांबीबद्दल एकच. डीएनएचा एक वेढा साधारण साडेदहा अक्षरांचा. बॉक्स ७ + स्पेसर २० म्हणजे तुमची पुनरावृत्ती २७ची, अडीच वेढ्यांच्या जवळ. म्हणजे एक बॉक्स पुढच्या अंगाला, दुसरा पाठीला, तिसरा पुन्हा पुढे. शेजारचे फॅक्टर एकमेकांचा हात धरून बसत असतील तर त्यांना एकाच अंगाला ठेवणं बरं. स्पेसर १४ करून पुनरावृत्ती २१वर आणा. फरक पडेलच अशी खात्री देत नाही, पण फुकटात होणारा बदल आहे.

अवांतर: ऑक्सिनच्या डीआर५ प्रमोटरचा बॉक्स टीजीटीसीटीसी आणि गोल्डन गेटमध्ये वापरायच्या बीएसए-१ या डीएनए कापणाऱ्या एन्झाइमची जागा जीजीटीसीटीसी. एका अक्षराचा फरक! प्राइमरमध्ये तेवढं एक अक्षर चुकलेल्या एका सहकाऱ्याचा प्रमोटर दर वेळी तुकडे होऊनच बाहेर यायचा. बिचारा दोन आठवडे एन्झाइम बदलत होता.

---

वाकडा_अंकुर

तपासलं. चारही स्पेसर एकच (कॉपी-पेस्ट, दुसरं काय), आणि शेवटचं अक्षर सी.

मी चकत्या कधी सकाळी कापायचो, कधी रात्री, जेव्हा मशीन मोकळं असेल तेव्हा. दीडपटीचा आकडाही कधी १.१ तर कधी २ असा उड्या मारायचा. मला वाटायचं माझाच हात थरथरतो.

आता एक शंका. प्रती वाढवण्याबद्दल कुणीच काही बोलत नाही. आवाज कमी असेल तर अ‍ॅम्प्लिफायर लावायचाच ना?

---

एकदल

गोंगाटाला अ‍ॅम्प्लिफायर लावलात तर गोंगाटच मोठा होतो, हे इलेक्ट्रॉनिक्सच्या माणसाला मी सांगायला हवं?

प्रती वाढवल्या की ‘चालू’ वाढतं तसं ‘बंद’ही वाढतं. शिवाय फॅक्टर पेशीत मोजकेच असतात, ते वाटले गेले की वाढ थांबते. आणि झाडात एकसारख्या तुकड्यांची रांग लावली तर झाड कधीकधी ती ओळखून मिथाइल लावून बंदच करून टाकतं. एकाच प्रमोटरच्या अनेक प्रती एका झाडात घातल्या की जनुक गप्प होतात, हा अनुभव जुना आहे. तुमच्या दोन पांढऱ्या लाइन्स तशाही असू शकतात, किंवा टी-डीएनए वाईट जागी पडला असेल. किती प्रती शिरल्यात ते आधी मोजा.

दुसरं, हे पुढे मक्यात किंवा भातात न्यायचा विचार असेल तर ३५एसचा मिनिमल विसरा. एकदलांत तो मुळातच लेचापेचा. तिथे मक्याचा युबिक्विटिन प्रमोटर चालतो तो त्याच्या पहिल्या इंट्रॉनसकट (झाड आरएनएतून कापून टाकतं तो तुकडा). इंट्रॉन काढला की जोर जातो. २०२१ साली अरॅबिडॉप्सिस, मका आणि ज्वारी यांचे मिळून पाऊण लाखाहून जास्त कोअर प्रमोटर तंबाखूच्या पानात आणि मक्याच्या प्रोटोप्लास्टमध्ये (भिंत काढलेल्या पेशी) मोजले गेले. प्रत्येकी १७० अक्षरांचे तुकडे. टाटा बॉक्स असला की जोर वाढतो हे दोन्हीकडे दिसलं. पण तंबाखूच्या पानात जी-सी जास्त असलेले प्रमोटर मार खातात, मक्यात तेवढे खात नाहीत. ज्या झाडात वापरायचं त्याच झाडात मोजा. बेंथामियानाचं पान सोयीचं आहे म्हणून ते सगळ्या वनस्पतिसृष्टीचं मत सांगत नाही.

---

जुनी_पिपेट

एकदल, जरा दमाने. पण म्हणणं बरोबर आहे.

अंकुर, तुझा अ‍ॅम्प्लिफायरचा विचार टाकाऊ नाही, फक्त जागा चुकली. मला विचारशील तर सिंथेटिक प्रमोटरमध्ये ‘चालू’ करणं सोपं काम आहे, चार बॉक्स लावले की काहीतरी पेटतंच. कसब लागतं ते गप्प बसवायला. आधी ‘बंद’ खरोखर बंद कर. मग आवाज वाढवायला प्रमोटरला हात न लावता जागा आहेत: पुढचा लीडर, म्हणजे आरएनएचा सुरुवातीचा भाग, बदल (टोबॅको मोझॅक विषाणूचा ओमेगा लीडर भाषांतर वाढवतो), किंवा टर्मिनेटर, म्हणजे जनुकाच्या शेवटचा तुकडा, बदल. नॉसच्या टर्मिनेटरऐवजी एचएसपी१८.२चा लावून अभिव्यक्ती वाढल्याचे निकाल २०१०चे आहेत. पण हेही दुधारी आहे. बंद असताना गळणारे थेंबही त्याच पटीत वाढतात. म्हणून क्रम महत्त्वाचा.

तुला पुन्हा टोचायला ज्या गोष्टी लागतील त्या अशा. नुसता −४६, काही न जोडता. नुसता −९०, काही न जोडता, म्हणजे तुझी तुलाच खात्री पटेल, माझ्या शब्दावर जाऊ नकोस. नवा चार-एबीआरई −४६वर. त्याचाच जुळा, फक्त चारही बॉक्समधला एसीजीटी मोडलेला. बाकी एकही अक्षर इकडचं तिकडे नाही. आणि खरा आरडी२९बीचा प्रमोटर, कारण त्याला दोन एबीआरई लागतात आणि एबीएला तो नक्की दाद देतो. तो वाजला नाही तर तुझं एबीए जुनं झालंय किंवा पानात पोचत नाहीये, प्रमोटरला शिव्या देऊ नकोस. रिपोर्टर इंट्रॉन असलेलाच घे, तो बॅक्टेरियाला कापता येत नाही; नाहीतर अ‍ॅग्रोने स्वतः बनवलेलं प्रथिनही तू झाडाच्या नावावर लिहिशील.

प्रत्येक टोचणीत शिरणारं डीएनए कमीजास्त होतं, म्हणून त्याच टी-डीएनएवर दुसरं ल्युसिफरेज मोजपट्टी म्हणून ठेव. आणि कृपा करून त्या मोजपट्टीला ३५एस लावून शेजारी बसवू नकोस! आगीतून फुफाट्यात जाशील.

---

वाकडा_अंकुर

पाच कन्स्ट्रक्ट. लिहून घेतलं. मार्करला नॉस, स्पेसर चार वेगवेगळे, बॉक्सआधी टी, पुनरावृत्ती २१.

मधल्या काळात एक वाचलं, २०२२चं काम आहे: बॅक्टेरियातले फॅक्टर झाडात आणून त्यांच्यापुरतेच सिंथेटिक प्रमोटर केले, त्यातून लॉजिक गेट बांधली आणि अरॅबिडॉप्सिसच्या मुळांच्या फांद्यांची संख्या कमीजास्त केली. तेही आधी बेंथामियानात तपासून. माझ्यासारख्या माणसाला हे वाचून घरी आल्यासारखं झालं. सरळ तिकडेच का जाऊ नये? परक्या फॅक्टरचा बॉक्स झाडातलं कुणी ओळखणारच नाही, म्हणजे गळती शून्य.

---

शेवाळ

बॉक्स कुणी ओळखणार नाही, मान्य. पण त्या परक्या फॅक्टरला एबीए आल्याचं कोण सांगणार? त्याच्याआधी कुठेतरी एबीएला ओळखणारा प्रमोटर लागणारच, म्हणजे फिरून याच चार बॉक्सपाशी याल. आणि तो गळका असेल तर पुढच्या गेटमध्ये गळती कमी होत नाही, कधीकधी वाढते. हे सर्किट आत्ताच्या कामानंतर करा. ‘एबीए आहे आणि पेशी मुळातली आहे’ असं गेट पुढे खरंच उपयोगी पडेल, कारण एबीए बियांतही असतं, रक्षक पेशींतही असतं; नुसत्या एबीएवर ठेवलेली कळ तिथेही चालणार.

---

वाकडा_अंकुर

सात आठवड्यांनी परत येतोय. धागा वर काढल्याबद्दल क्षमस्व, पण अर्धवट सोडलेले धागे मलाही आवडत नाहीत.

नुसता −९०, एकही बॉक्स नाही, एबीए नाही: पान चमकतंय. माझ्या जुन्या ‘डिझाइन’च्या जवळपास तेवढंच. म्हणजे आठ महिने मी एबीआरईचं नाही, एएस-१चं मोजमाप करत होतो. नुसता −४६: नुसतं पाणी टोचलेल्या पानापेक्षा किंचित वर, इतकंच. नवा चार-एबीआरई: एबीएशिवाय −४६च्या थोडा वर, एबीए दिल्यावर ९ पट. पाच वेगवेगळ्या दिवशी केलं, सगळं सकाळी एकाच वेळी, चकत्या पाण्यावर. आकडा ७ ते १० यांच्या मधेच राहिला. बॉक्स मोडलेला जुळा: एबीए दिलं काय, न दिलं काय, ढिम्म. सगळ्यात जास्त आनंद मला याचाच झाला, का ते नीट सांगता येणार नाही. आरडी२९बी माझ्यापेक्षा मोठ्याने वाजतो, पण बंद असताना माझा जास्त गप्प आहे.

अरॅबिडॉप्सिसच्या नव्या लाइन्सचं बी अजून पिकायचंय. जुन्या अकरांतली ती एकच शहाणी लाइन होती ना, ती ताईंच्या सांगण्यावरून तपासली. तिच्यात टी-डीएनए तुटून शिरलाय, मार्करच्या प्रमोटरचा मागचा भागच गायब आहे. एन्हान्सर नाही, म्हणून शहाणी. पण मग तिची मुळं निळी का नाहीत, −९० तर तिच्यातही आहे? हे अजून कळलेलं नाही.

---

जुनी_पिपेट

बॉक्स मोडलेल्या जुळ्याचा आनंद मला कळतो.

त्या लाइनमध्ये तुटताना टोकाला आणखी काय गेलं, ते −९० ते −४६ मधलं पुन्हा सिक्वेन्स करून बघ. एएस-१ शाबूत निघाला तर आजूबाजूचा डीएनए मिथाइल झालाय का ते बघायला लागेल. आणि ती ‘मिन ३५एस’ची ट्यूब अजून फ्रीजमध्ये तशीच आहे का?

---

वाकडा_अंकुर

आहे. लेबल बदललं. आता तिच्यावर लिहिलंय: ‘३५एस −९०, एएस-१ आत आहे, मिनिमल नाही. वापरण्याआधी मला विचारा.’ काल एका नव्या मुलीने विचारलंही.